अंकीय चित्रकला आणि स्वयंशिक्षित चित्रकार

संगणकाच्या स्मृतीत अंकांच्या रूपाने साठविलेले आणि पडद्यावर प्रकाशाच्या रूपाने प्रकट होणारे चित्र हाताच्या हालचालींनी किंवा लिखित आज्ञांनी घडविण्याच्या कलेस अंकीय चित्रकला असे म्हणतात. अशा चित्राचा पृष्ठभाग सामान्यतः पिक्सेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूक्ष्म चौकोनी बिंदूंच्या जाळीचा बनलेला असतो. प्रत्येक बिंदूचा रंग तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या प्रमाणावरून ठरतो. प्रत्येक प्रकाशाच्या २५६ पायऱ्या मानल्यास एका बिंदूस १,६७,७७,२१६ रंगांपैकी कोणताही एक रंग देता येतो. कागद, कॅनव्हास, तेल, पाणी किंवा रंगद्रव्य यांपैकी काहीही येथे प्रत्यक्षात नसते.

या कलेच्या इतिहासातील एक लक्षणीय बाब अशी की, तिच्या पहिल्या काही दशकांत तिला स्वतःची शाळा नव्हती. तैलरंग किंवा जलरंग यांमागे शतकांची गुरुपरंपरा होती. रंग कसा घोटावा, पूर्वलेप कसा द्यावा, ओल्या रंगावर दुसरा रंग केव्हा चढवावा, हे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात येत असे. संगणकावर चित्र काढू पाहणाऱ्यास असे घराणे लाभले नाही. त्यामुळे कलाशाळेत शिकलेला चित्रकार असो, गणितज्ञ असो वा सेवानिवृत्त कर्मचारी असो, या माध्यमात त्या प्रत्येकाला प्रारंभी स्वतःच स्वतःचा शिक्षक व्हावे लागले. या कलेची कार्यपद्धती, तिच्याविषयीचे वाद आणि तिची मूल्यदृष्टी यांवर या परिस्थितीचा खोल ठसा उमटलेला दिसतो.

पूर्वपीठिका : संगणकावरील पहिली चित्रे चित्रकारांनी काढलेली नाहीत. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत आयव्हन सदरलँड (जन्म १९३८) यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सिद्ध केली. तीत प्रकाशलेखणी पडद्यावर टेकवून रेषा, वर्तुळे व आराखडे काढता येत. मात्र तिचा हेतू अभियांत्रिकी आरेखनाचा होता. १९६५ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे गेऑर्ग नीस (१९२६–२०१६) आणि फ्रीडर नाके (जन्म १९३८) यांची, तर न्यूयॉर्क येथे ए. मायकेल नोल (जन्म १९३९) व बेला युलेस यांची संगणकचित्रे प्रदर्शित झाली. नीस व नाके हे गणितज्ञ, तर नोल व युलेस हे बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील संशोधक होते. त्यांच्यापैकी कोणीही कलाशाळेतून आलेला नव्हता.

नीस यांच्या प्रदर्शनाच्या वेळी उपस्थित चित्रकारांपैकी एकाने, यंत्र आपल्या हाताच्या शैलीत रेखाटन करू शकेल काय, असा प्रश्न केल्याचे सांगितले जाते. आपण ते कसे करता हे आपणच सांगू शकलात तर यंत्रही ते करील, अशा आशयाचे उत्तर नीस यांनी दिले. चित्रकाराला जे हाताने येते ते त्याला शब्दांत सांगता येते काय, हा प्रश्न या प्रसंगाने उभा केला, आणि पुढे या माध्यमात आलेल्या अनेकांना त्याला सामोरे जावे लागले. नोल यांनी १९६६ मध्ये एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पीट माँद्रियान यांच्या १९१७ सालच्या एका रेषाचित्राची प्रत आणि त्याच धर्तीवर संगणकाने सिद्ध केलेले चित्र त्यांनी १०० व्यक्तींना दाखविले. संगणकाचे चित्र कोणते हे केवळ २८ जणांना अचूक ओळखता आले आणि ५९ जणांना संगणकाचेच चित्र अधिक आवडले. एवढ्यावरून यंत्र कलावंत ठरत नाही. कारण माँद्रियान यांची रचना आधी अस्तित्वात होती आणि तिचे नियम कोणते हे नोल यांनी ठरविले होते. तथापि ‘हाताचा स्पर्श’ ओळखण्याचा आपला विश्वास किती डळमळीत असतो, हे या चाचणीने दाखवून दिले.

रंगलेखन प्रणालींचा उदय : आज ज्या अर्थाने ‘अंकीय रंगलेखन’ हा शब्द वापरला जातो, त्याचा प्रारंभ कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात झाला. तेथे रिचर्ड शूप (१९४३–२०१५) यांनी १९७२-७३ मध्ये ‘सुपरपेंट’ ही प्रणाली उभारली. एका संपूर्ण चित्रातील सुमारे तीन लाख बिंदूंचे रंग एकाच वेळी साठविणारी स्मृती तीत होती. एका वेळी २५६ रंग वापरता येत आणि पाटीवर लेखणी फिरविताच पडद्यावर रंगाचा पट्टा उमटे. ॲल्व्ही रे स्मिथ (जन्म १९४३) हे या यंत्राने १९७४ मध्ये मोहून गेले. परंतु कंपनीला कार्यालयीन यंत्रांत रंगाचे भवितव्य दिसले नाही आणि लवकरच स्मिथ यांना तेथून बाहेर पडावे लागले. पुढे न्यूयॉर्क तंत्रविद्या संस्थेत त्यांनी अधिक समर्थ रंगलेखन प्रणाली रचल्या. १९७८ मध्ये त्यांनी मांडलेली रंगनिवडीची पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. तांबडा, हिरवा व निळा यांचे आकडे जुळविण्याऐवजी रंगाची जात, त्याची शुद्धता आणि त्याचा उजळपणा या तीन गुणांवरून रंग निवडण्याची सोय तिने केली. चित्रकाराची विचार करण्याची रीत यंत्राच्या रचनेत उतरविण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होय.

१९८१ मध्ये क्वांटेल या ब्रिटिश कंपनीची ‘पेंटबॉक्स’ प्रणाली दूरचित्रवाणी केंद्रांत आली. तिच्या लेखणीला हाताचा दाब कळे. परंतु अशी यंत्रे फार महागडी असल्याने सामान्य माणसास ती अप्राप्य होती. हे चित्र १९८४–८५ या दोन वर्षांत पालटले. जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश संगणकाबरोबर बिल ॲटकिन्सन (१९५१–२०२५) यांची ‘मॅकपेंट’ ही आज्ञावली आली. तिच्यात केवळ काळा व पांढरा हे दोनच रंग होते. परंतु चित्राचा भाग मोठा करून एकेक बिंदू बदलण्याची सोय होती. १९८५ मध्ये कमोडोर कंपनीचा ‘अमिगा’ संगणक १,२९५ डॉलर किंमतीस आला. त्यावरील डॅन सिल्व्हा यांच्या ‘डीलक्स पेंट’मध्ये ४,०९६ रंगांतून ३२ रंगांची पाटी निवडता येई. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘विंडोज’ प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीसोबत ‘पेंट’ ही साधी आज्ञावलीही मिळू लागली. घरात संगणक आला आणि त्यासोबत रंगपेटीही आली. शिक्षक मात्र आला नाही.

प्रशिक्षित चित्रकारांचे पुनर्शिक्षण : हॅरल्ड कोएन (१९२८–२०१६) हे नामवंत ब्रिटिश चित्रकार होते. १९६६ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांनी ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले होते. १९६८ मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो शाखेत गेले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर आज्ञालेखन शिकू लागले. रेखाटन करताना चित्रकाराला नेमके काय ठाऊक असते, हे नियमांच्या रूपात लिहून काढण्याचा त्यांचा प्रयत्न होता. त्यातून ‘ॲरन’ ही आज्ञावली जन्मली आणि पुढील सुमारे चार दशके ते तिच्यावर काम करीत राहिले. प्रारंभी ॲरन केवळ रेषा काढी व त्यांत रंग कोएन स्वतः भरीत. आतला, बाहेरचा, बंद आकार, उघडा आकार असे साधे भेद तिला आधी शिकविले गेले; वनस्पती व मानवाकृती नंतर आल्या. नीस यांनी विचारलेल्या प्रश्नाला एका चित्रकाराने आयुष्य वेचून दिलेले उत्तर, असे या कार्याचे वर्णन करता येईल.

सामिया हलाबी (जन्म १९३६) यांचे उदाहरण याहून वेगळे आहे. जेरुसलेम येथे जन्मलेल्या व १९४८ मध्ये मायभूमीस मुकलेल्या या पॅलेस्टिनी चित्रकर्तीने अमेरिकेत शिक्षण घेतले आणि १९७२ ते १९८२ या काळात येल विद्यापीठाच्या कलाशाळेत अध्यापन केले. वयाच्या पन्नाशीत, १९८६ मध्ये, त्यांनी अमिगा संगणक घेतला आणि बेसिक व पुढे सी या आज्ञाभाषा स्वतः आत्मसात केल्या. बाजारातील तयार रंगलेखन आज्ञावली जुन्या चित्रसाधनांचे अनुकरण करतात, तेव्हा त्यांच्यावर विसंबण्यापेक्षा यंत्राच्या स्वतःच्या स्वभावातून चित्र घडवावे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांची संगणकचित्रे स्थिर नाहीत. आकार पडद्यावर जन्मतात, वाढतात, एकमेकांना झाकतात आणि त्यांच्यासोबत ध्वनीही उमटतो. पुढे त्यांनी संगणकाचा कळफलकच वाद्यासारखा वापरण्याची आज्ञावली रचली आणि १९९० च्या दशकात तालवादकांच्या साथीने प्रेक्षकांसमोर चित्रे सादर केली. चित्रकलेत मुरलेल्या व्यक्तीने नव्या माध्यमात पुन्हा विद्यार्थिदशा पत्करल्याचे हे ठळक उदाहरण होय.

हौशी व स्वयंशिक्षित चित्रकार : व्यावसायिक कलाजगताबाहेरील व्यक्तींनीही या माध्यमात स्वतःची वाट काढली. अमेरिकन अक्षररचनाकार हॅल लास्को (१९१५–२०१४) हे निवृत्तीनंतर कुटुंबीयांनी दिलेल्या संगणकावर ‘पेंट’ ही साधी आज्ञावली वापरू लागले. वार्धक्यात नेत्रपटलाच्या विकाराने त्यांची दृष्टी मंदावली होती. कागदावर बारीक काम अशक्य झाले. परंतु पडद्यावरील चित्र हवे तितके मोठे करून एकेक बिंदू रंगविणे त्यांना शक्य होते. ते याच रीतीने अत्यंत सावकाश चित्रे पूर्ण करीत. २०१३ मध्ये त्यांच्यावर एक लघुपट निघाला, तेव्हा त्यांचे वय ९७ वर्षांचे होते. इतरांना जी आज्ञावली केवळ मुलांचे खेळणे वाटे, तिच्यातील बिंदू मोठा करण्याची क्षुल्लक सोय एका वृद्ध कलावंताची कला टिकवून धरण्यास पुरेशी ठरली.

जपानमधील तात्सुओ होरिउची (जन्म १९४०) यांनी तर चित्रांसाठी नसलेलेच साधन निवडले. निवृत्तीच्या सुमारास, सन २००० च्या आसपास, त्यांनी ‘एक्सेल’ या हिशेबाच्या तक्त्यांसाठी असलेल्या आज्ञावलीत निसर्गचित्रे काढण्यास आरंभ केला. चित्रकलेच्या आज्ञावली महाग, तर एक्सेल बहुतेक संगणकांवर आधीच असते, हे त्यामागील एक साधे कारण. इतर लोक तीत सुबक आलेख काढतात, तर आपल्याला चित्र का काढता येऊ नये, हा त्यामागील विचार. आलेख सजविण्यासाठी दिलेल्या रेषा व आकारांच्या साधनांनी ते पान, फांदी, फूल असे एकेक आकार रेखतात, त्यांत फिका-गडद रंग भरतात आणि असे असंख्य आकार एकावर एक रचून डोंगर, चेरीचा बहर किंवा धबधबा उभा करतात. २००६ मध्ये एक्सेलमधील आकारचित्रांच्या स्पर्धेत त्यांना पारितोषिक मिळाले आणि पुढे जपानमधील गुन्मा येथील कलासंग्रहालयाने त्यांच्या कृती संग्रही घेतल्या. जपानी निसर्गचित्रणाची दीर्घ परंपरा त्यांच्या नजरेसमोर होती, गुरू नव्हता. एकलव्यापुढे निदान मातीची मूर्ती होती. येथे पूर्वसूरींची चित्रे हीच मूर्ती ठरली.

कार्यपद्धती : स्वयंशिक्षित अंकीय चित्रकाराला प्रथम आश्चर्याचा धक्का देणारी गोष्ट म्हणजे रंगांचे मिश्रण. रंगद्रव्यात निळा व पिवळा मिळून हिरवा होतो. पडद्यावर शुद्ध निळा व शुद्ध पिवळा यांची सरासरी काढली असता करडा रंग मिळतो. कारण येथे द्रव्य नव्हे, तर प्रकाश मिसळत असतो. पडद्यावर झळाळणारे अनेक रंग छापील कागदावर मंदावतात, हा दुसरा अनुभव. अशा चुकांतूनच बहुतेकांनी रंगाचे गणित आत्मसात केले. रंगाची जात व रंगाचा उजळपणा या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे कळल्यावर पुष्कळ चित्रकार आधी करड्या छटांत छायाप्रकाशाची रचना पक्की करतात आणि रंग नंतर चढवितात. युरोपीय तैलचित्रकारांनीही चित्राचा आरंभ अशा एकरंगी पायाने केल्याची उदाहरणे आहेत. जुनी रीत अशा प्रकारे नव्या साधनात पुन्हा सापडली.

साधनांच्या वाढीबरोबर पद्धतीही बदलली. थॉमस व जॉन नोल या बंधूंची ‘फोटोशॉप’ ही आज्ञावली १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. १९९४ मध्ये तिच्या तिसऱ्या आवृत्तीत चित्राचे स्वतंत्र थर ठेवण्याची सोय आली. त्यामुळे पार्श्वभूमीस धक्का न लावता आकृती बदलता येऊ लागली. अनेक पायऱ्या मागे जाऊन केलेले काम रद्द करण्याची सोय त्याच आज्ञावलीत १९९८ मध्ये आली. १९९१ मध्ये निघालेल्या ‘पेंटर’ या आज्ञावलीने तैलरंग, खडू, कोळसा यांच्या खुणांचे अनुकरण केले आणि ती विक्रीस आली तीही रंगाच्या डब्यातून. जपानमधील वॅकॉम कंपनीच्या लेखण्यांमुळे हाताचा दाब घरगुती संगणकापर्यंतही पोहोचू लागला. पुढे ‘गिम्प’ व ‘क्रिता’ या विनामूल्य आज्ञावलींनी पैशाची अडचण बरीच दूर केली.

सोयी वाढल्या तसे धोकेही वाढले. प्रत्येक रेषा पुसता येत असल्याने कोणतीच रेषा ठामपणे ओढली जात नाही. चित्र मोठे करून एका कोपऱ्यात गुंतल्यास समग्र रचनेचे भान सुटते. शेकडो कुंचले उपलब्ध असल्यास निवडीतच वेळ जातो. यांवर अनुभवी चित्रकारांनी शोधलेले उपाय बहुधा संयमाचे आहेत. मोजके कुंचले वापरणे, चित्र वारंवार अंगठ्याएवढे लहान करून पाहणे, ते आरशातील प्रतिबिंबासारखे उलटवून रचनेतील तोल तपासणे, रंगपाटी आरंभीच मर्यादित करणे, हे त्यांतील प्रमुख होत. माध्यमाने मर्यादा घातली नाही, तर ती कलावंताने स्वतः घालून घ्यावी लागते, हा धडा या क्षेत्रात पुन्हा पुन्हा शिकला गेला आहे. लास्को यांनी बिंदूची आणि होरिउची यांनी हिशेबतक्त्याची मर्यादा स्वीकारली, ती याच अर्थाने फलदायी ठरली.

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी (जन्म १९३७) यांनी आयफोनवर बोटाने आणि २०१० पासून आयपॅडवर काढलेल्या चित्रांमुळे या माध्यमास व्यापक मान्यता मिळाली. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीतील त्यांच्या प्रदर्शनात यॉर्कशरमधील वसंतागमनाची आयपॅडवर काढलेली चित्रे तैलचित्रांच्या सोबत मोठ्या आकारात मांडली होती. ते वापरीत असलेल्या ‘ब्रशेस’ आज्ञावलीत चित्र आरंभापासून अखेरपर्यंत रेषा-रेषेने पुन्हा उलगडून पाहता येई. चित्रकाराला स्वतःची कृती घडताना दिसावी, ही सोय पूर्वीच्या माध्यमांत नव्हती. गुरूच्या शेजारी बसून त्याचा हात पाहण्याची संधी ज्यांना मिळत नाही, त्यांच्यासाठी रेषांचा असा उलगडा हेच शिक्षण ठरते.

आक्षेप व मूल्यविचार : काम यंत्र करते, कलावंत नव्हे, असा आक्षेप या कलेवर आरंभापासून घेतला गेला. छायाचित्रणावरही एकोणिसाव्या शतकात असाच आक्षेप होता. वर दिलेल्या उदाहरणांवरून त्याचे एक उत्तर मिळते. लास्को, होरिउची किंवा हलाबी यांच्या कामात यंत्राने श्रम वाचविल्याचे दिसत नाही. उलट साधनाच्या स्वभावाशी झगडण्यात त्यांची वर्षे गेली. कोठे कोणता रंग द्यावा, काय गाळावे आणि चित्र केव्हा पुरे झाले असे मानावे, हे निर्णय त्यांचेच राहिले.

२०२२ पासून लिखित वर्णनावरून क्षणात चित्र निर्माण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली सर्वत्र उपलब्ध झाल्यावर हा वाद अधिक तीव्र झाला. त्या वर्षी अमेरिकेतील कॉलोराडो राज्याच्या जत्रेत अशा प्रणालीच्या साहाय्याने केलेल्या चित्रास अंकीय कलेच्या विभागात पहिले पारितोषिक मिळाले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या प्रताधिकार कार्यालयाने त्या चित्राची नोंदणी नाकारली. हजारो चित्रकारांची चित्रे त्यांच्या संमतीविना अशा प्रणालींना पुरविली गेली, ही अंकीय चित्रकारांची मुख्य तक्रार आहे. स्वतःच्या धडपडीतून शिकून ज्यांनी आपली चित्रे सर्वांना पाहण्यास खुली ठेवली, त्यांचीच चित्रे त्यांना पर्याय उभा करण्यास वापरली जावीत, हा या वादातील वेदनेचा भाग होय. कोएन यांनीही यंत्राला चित्र काढावयास शिकविले होते. परंतु त्यांनी दिलेले ज्ञान त्यांचे स्वतःचे होते, इतरांच्या चित्रांचा साठा नव्हता. हा भेद या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

जतनाचा प्रश्न : अंकीय चित्र कागदासारखे पिवळे पडत नाही, पण ते वाचणारे यंत्रच नाहीसे होऊ शकते. जुलै १९८५ मध्ये अमिगा संगणकाच्या प्रकाशनसमारंभात विख्यात चित्रकार अँडी वॉरहॉल (१९२८–८७) यांनी गायिका डेबी हॅरी यांचे चित्र त्या संगणकावर सिद्ध करून दाखविले. त्या सुमारास त्यांनी केलेले इतर प्रयोग पिट्सबर्ग येथील वॉरहॉल संग्रहालयात लवचिक तबकड्यांवर पडून होते. ते ज्या आज्ञावलीत केले होते तिची लेखनपद्धती कालबाह्य झाली होती. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक मंडळातील विद्यार्थ्यांनी ती पद्धती उकलून चित्रे पुन्हा दृश्यमान केली. त्यांत बॉटिचेल्ली यांच्या व्हीनसला तिसरा डोळा चिकटविलेले एक चित्र होते. माउस या अपरिचित साधनाशी झुंजणारा अनुभवी हात त्या चित्रांतील काही थरथरत्या रेषांत स्पष्ट दिसतो. वॉरहॉल यांच्या तबकड्या संग्रहालयात होत्या, म्हणून वाचल्या. हौशी चित्रकाराच्या घरातील तबकड्यांना असे संरक्षण नसते आणि या कलेच्या प्रारंभकाळाचा फार मोठा भाग अशाच घरांतून घडला आहे.

अंकीय चित्रकला पुढे अनेक कलाशाळांच्या अभ्यासक्रमात आली. तिचे धडे संगणकाच्या जाळ्यावरही विपुल उपलब्ध झाले आणि गुरूचा अभाव ही तिची पूर्वीची अवस्था बरीच पालटली. तथापि तिची बहुतेक मूलभूत कौशल्ये कोणी न शिकविता, साधनाची मर्यादा ओळखून व जुन्या चित्रांकडे पुन्हा पुन्हा पाहून कमावलेली आहेत. म्हणून या कलेचा इतिहास लिहिताना यंत्रांची व आज्ञावलींची कालक्रमवार नोंद पुरेशी ठरत नाही. त्या यंत्रांसमोर एकट्याने बसून शिकलेल्या माणसांची नोंदही तितकीच आवश्यक ठरते.